गोधडी : एक बिनपरतीची ठेव



गव्हाणीत मोळी पडली, भोंगा झाला आणि पाठोपाठ थंडीही पडली. हंगामाच्या तोंडावर आपल्या कारखान्याच्या रस्त्याने ऊसतोड मजुरांचे संसार आले, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम, दोन-चार कोंबड्या, त्यांच्यातच दाटीवाटीने बसलेली लेकरे. आणि सगळ्यांच्या वर दोरीने आवळून बांधलेला गोधड्यांचा गठ्ठा. ऊस, उतारा आणि दर यांवर या पानांतून नेहमीच लिहिले जाते. यावेळी त्या गठ्ठ्याविषयी लिहावे असे आम्हाला वाटले. त्याला कारण घडले. ते पुढे सांगतो. आधी आमच्या घरच्या गोधडीची गोष्ट.

आमच्या घरी एक जुनी गोधडी आहे. बहात्तरच्या दुष्काळात, म्हणजे १९७२-७३ साली शिवलेली. त्या वर्षी विहिरी आटल्या, दावणीची जनावरे गेली आणि घरची कर्ती माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पोरांना सुकडी मिळायची आणि घरात मिलोच्या लाल भाकरी असायच्या. आजीचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे तिला खडीवर कुणी घेईना. ती पोरे सांभाळायची आणि उरल्या वेळात गोधडी शिवायची. नवे कापड घ्यायची सोय नव्हती. मग घरात जे होते ते सगळे त्या गोधडीत गेले. वरखाली आजीची दोन नऊवारी लुगडी. आत आजोबांचे धोतर, चुलत्यांचे विरलेले सदरे, आत्याचा परकर, आणि आमच्या लहानपणीची झबली.

ती शिवून पन्नासावर वर्षे झाली. वरचे लुगडे झिजले की त्यावर दुसरे घालून पुन्हा टाके घालायचे, असे आजवर तीनदा झाले. आतला गाभा तोच आहे. आत्या आता थकली आहे, नजर गेली आहे, पण गोधडीवरून हात फिरवून ती सांगते, "हितं जाड लागतंय ना, ते आप्पाचं धोतर. आन् हा कोपरा तुझ्या चुलत्याच्या सदऱ्याचा. तवा लगीन ठरलं हुतं त्याचं."

पुढे चारचौघांच्या घरात होतात तशा आमच्या घरातही वाटण्या झाल्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या, कारखान्याचा शेअर कुणाच्या नावे करायचा यावर दोन रात्री बोलणी झाली. तांब्याचा हंडासुद्धा तराजूत गेला. गोधडीची पाळी आली तेव्हा थोरल्या चुलतीने ती उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ही मोजायची न्हाई." तेव्हापासून ती कुणा एकाची नाही. ज्या घरी बाळंतीण असेल किंवा कुणी आजारी असेल, त्या घरी ती जाते. मधल्या काळात भाऊभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तेव्हाही गोधडी मात्र या दारातून त्या दारात जात होती.

उसाच्या बिलातून कपात झालेली बिनपरतीची ठेव आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावर आपण कधी कुरकुरतो, पण त्याच ठेवींवर कारखाना उभा राहिला हेही आपल्याला ठाऊक आहे. आजीची गोधडी ही त्याच जातीची ठेव आहे. ठेवणारी गेली, परत कुणी मागत नाही, आणि ऊब सगळ्यांना मिळते.

सत्तावीस हजार टाके

गोधडी म्हणजे चिंध्या जोडून केलेले पांघरूण, असे बोलायला सोपे आहे. आम्ही एकदा आमच्या गोधडीचा हिशेब मांडला. लांबी ७ फूट, रुंदी ५ फूट. टाक्यांच्या दोन ओळींत अंतर बोटाएवढे, म्हणजे पाऊण इंच. एका इंचात चार टाके. या मापाने शिवणीची लांबी ५६० फूट भरते आणि टाके होतात जवळजवळ २७ हजार. एवढे टाके एका हाताने घातले तर बाईची बोटे राहतील का?

म्हणून गोधडी एकटीने क्वचितच शिवली जाते. सुगी उरकली, उन्हे तापू लागली की दुपारच्या निवाऱ्याला ओसरीवर लुगडे पसरायचे. त्यावर जुनी कापडे एकमेकांना जोडून अंथरायची. उंचवटा राहू द्यायचा नाही आणि खळगाही राहू द्यायचा नाही, कारण खळगा राहिला की तिथून थंडी शिरते. वरून दुसरे लुगडे. मग लांब-लांब कच्चे टाके घालून थर जागेवर धरायचे आणि चार बाजूंना चारजणी बसायच्या. शिवण कडेने सुरू होते आणि चौकोनात चौकोन करीत मध्याकडे येते. टाका साधाच, धावदोऱ्याचा. पण तो सगळे थर पोटात घेऊन वर आला पाहिजे. थर जाड असला तर बोटाला चिंधी गुंडाळून सुई रेटावी लागते.

शेवटचा चौकोन मिटवायच्या आधी आमची आजी भाकरीचा एवढासा तुकडा आत सरकवायची. मुंग्या लागतील म्हणून आत्या कुरकुरायची. पण आजीचे म्हणणे, गोधडीचे पोट भरले म्हणजे ती आपल्याला उपाशी निजवत नाही. दुष्काळातल्या त्या गोधडीत मिलोच्या भाकरीचा तुकडा आहे.

आज आमच्याकडे चौघी बसल्या, उद्या शेजारणीच्या ओसरीवर त्याच चौघी. पैशांचा व्यवहार नाही. शेतात सावड आणि इर्जिक चालते, तशीच ही बायकांची सावड. आपल्या देशात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली आला. त्याच्याही आधीपासून आपल्या आया-आज्या हा विनाकागदाचा सहकार चालवीत होत्या. त्यात सभापती नाही, ठराव नाही, कोरमची अडचण नाही. सुखदुःखाच्या गोष्टीही तिथेच होत. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या घरी कर्ज झाले, कुणाचा नवरा हात उगारतो, हे सगळे त्या टाक्यांबरोबर बोलले जायचे आणि पुष्कळदा त्यावर उपायही तिथेच निघायचा.

नवरात्राच्या आधी घरोघरच्या गोधड्या नदीला नाहीतर पाटावर धुवायला निघतात, ते दृश्य अजून आपल्या गावांतून दिसते. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. पिळायलाही दोघी लागतात. शिवण्यापासून धुण्यापर्यंत ही वस्तू दुसऱ्याचा हात मागते.

गोधडीचे हे काटकसरीचे अंग आपल्याकडे थोरामोठ्यांनीही अंगावर मिरवले आहे. गाडगे महाराज (१८७६-१९५६) तुकड्या-तुकड्यांचे कपडे घालत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ठिगळाची लाज बाळगू नये, घाणीची बाळगावी, हेच त्यांच्या जगण्यातून दिसले.

कापड बदलले

आमची गोधडी पन्नास वर्षे टिकली, याचे श्रेय आजीला आहे तसे कापडालाही आहे. इचलकरंजीचे पातळ असो की मालेगावचे लुगडे, ते सुती होते. धुऊन धुऊन मऊ झालेले सूत घाम टिपते, थरांमध्ये हवा धरून ठेवते, अंगाला चिकटत नाही. तान्ह्या बाळाचे दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे करायचे, ही रीत काही उगाच पडलेली नाही. नव्या कापडाला तो मऊपणा नसतो.

पुढे १९८५ च्या कापड धोरणाने कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली आणि हळूहळू पॉलिस्टरच्या साड्या गावोगावी पोचल्या. त्या स्वस्त, धुवायला हलक्या, रंग न जाणाऱ्या. शेतात राबणाऱ्या बाईला त्यांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. पण त्या साड्यांची गोधडी झाली तेव्हा अडचण कळली. ती अंगावरून सुळकन घसरते. घाम टिपत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे विस्तवाजवळ ती वितळते.

आता सुरुवातीला म्हटले ते कारण सांगतो.

कोपीवरची रात्र

मागच्या हंगामात एका संध्याकाळी आम्ही आपल्या गटातल्या तळावर गेलो होतो. बीड जिल्ह्याकडच्या टोळ्या उतरल्या होत्या. चटई, बांबू आणि वाढ्यांच्या कोप्या, खाली पाचट, त्यावर बारदान, त्यावर गोधडी. कोपीच्या तोंडाशीच चूल. पहाटे तीन-चारला उठून नवरा-बायको फडात जातात. एक कोयता म्हणजे ही दोघे. थोरली पोर धाकट्याला सांभाळायला मागे राहते.

एका बाईने आम्हाला गोधडी उलगडून दाखवली. एका बाजूला ताटलीएवढे भोक पडले होते. कडा काळ्या आणि काचेसारख्या कडक झाल्या होत्या. ती म्हणाली, "दादा, पहाटं चुलीतली ठिणगी उडाली बघा. लेकरू निजलेलं होतं. म्या भाकरी टाकून धावले. गोधडी वढली, तर ती माझ्याच हाताला चिकटली. लेकराला काय झालं न्हाई, देवाची कृपा."

तिच्या तळहातावर भाजल्याचा डाग होता. त्या हातानेच ती कोयता धरीत होती. गोधडी मात्र तिने टाकली नव्हती. भोकाला ठिगळ लावून पुन्हा तीच अंथरली होती. आम्ही विचारले, "सुती नाही का एखादी?" ती म्हणाली, "सासूची व्हती. थोरल्या दिराकडं गेली. आता सुताचं लुगडं नेसतंय कोण, दादा? जुनं कापड आणू कुठून?"

सुती कापडही पेटते, त्यात काही जादू नाही. चूल निजायच्या जागेपासून लांब असणे आणि जवळ पाण्याची बादली भरलेली असणे, हा पहिला उपाय. पण सूत जळून राख होते आणि झटकता येते. पॉलिस्टर वितळून कातडीला डसते, जखम खोल जाते. वाळलेल्या पाचटावर झोपणाऱ्या लेकरासाठी हा फरक लहान नाही. तिचा प्रश्न ऐकून आम्हाला आमच्या घरातल्या ट्रंका आठवल्या. आईच्या, आजीच्या, सासूच्या सुती साड्या, वडिलांची धोतरे. ना कुणी वापरते, ना कुणी टाकते.

शिवणाऱ्यांचे हात

तळावरून परतल्यावर आम्ही गोधड्या शिवून देणाऱ्या बायांना भेटलो. "गोधडी शिवायची का" अशी हाळी देत दारोदार फिरणाऱ्या या बाया आपल्याला नव्या नाहीत. आम्हाला भेटल्या त्या दोघी जावा होत्या. कापड घरमालकिणीचे, दोरा आणि सुई यांची. सकाळी अंगणात बसतात. एक मोठी गोधडी दोघींना मिळून चार दिवस घेते, असे त्यांनी सांगितले.

मजुरीचा विषय काढला तेव्हा थोरली जाऊ हसली. "बाया म्हणत्यात, कापड आमचं, मग एवढं पैसं कशाचं? टाकं कोण मोजतंय, दादा?" धाकटीने बोटे पुढे केली. टोकांना घट्टे पडले होते. ती म्हणाली, "चार दिस दोघी बसतो, पर फडात खुरपायला गेलो तर यापरीस जास्त मिळतं. पर सासूनं शिकवलंय, हात ऱ्हावत न्हाई."

दोघींचे चार दिवस म्हणजे आठ रोज. आपण शेतात आठ रोजांची मजुरी देताना मुकाट्याने देतो आणि गोधडीच्या वेळी घासाघीस करतो. या दोघींच्या मुलींपैकी एकीनेही हे काम शिकलेले नाही. का शिकावे, याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग मनात आले, या कामाची कुणी सहकारी संस्था केली असेल का? शोध घेतला, तर अमेरिकेतले एक उदाहरण सापडले. अलाबामा राज्यात विलकॉक्स काउंटी म्हणून भाग आहे. तिथल्या कापसाच्या शेतांत पूर्वी गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांची वस्ती आहे. तिथल्या बायकाही थंडीसाठी जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ साली त्यांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. त्या काळी मतदार म्हणून नाव नोंदवले एवढ्या कारणावरून काही कुटुंबांना जमिनीवरून हुसकावले जात होते. संस्थेने स्वतःची जमीन घेतली, शिवणकामासाठी इमारत बांधली आणि अशा काही कुटुंबांना घरांसाठी जागा विकत दिल्या. गोधडीच्या टाक्यावर त्या बायकांनी पाय रोवायला भुई मिळवली.

पण त्यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, तशी सगळ्या गोधड्या एका मापाच्या, एका नमुन्याच्या करण्याची सक्ती आली. ज्या मोकळ्या हाताने त्या बायका घरी शिवत, तो हात त्यात चालेना. पुढे जुन्या सभासद थकल्या आणि २०१२ साली संस्था बंद झाली. त्याच भागातल्या जीज बेंड या वस्तीच्या गोधड्या मात्र २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर मानाने लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. पोरांना थंडी वाजू नये म्हणून केलेल्या वस्तू जगाने पाहिल्या.

आपल्या गोधड्या संग्रहालयात लागाव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्या अंगावर याव्यात एवढेच आहे.

आपण काय करू शकतो

सभासद भगिनींना आमची पहिली विनंती अशी : ट्रंक उघडा. सुती लुगडी, धोतरे, पंचे, जुन्या चादरी बाजूला काढा. कापड सुती आहे की नाही याची शंका आली तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि मोकळ्या जागी, पोरे लांब ठेवून, दिव्याच्या ज्योतीला लावा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येईल आणि मऊ राख पडेल. पॉलिस्टर असेल तर दोरा आखडेल, वितळेल आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी होईल. मणी झाला तर ते कापड चुलीजवळच्या गोधडीत घालू नका.

दुसरी विनंती : गोधडी शिवून घ्याल तेव्हा रोज मोजून मजुरी द्या. किती दिवस, किती जणी, असा साधा हिशेब करा. घरात एखादी म्हातारी असेल तर सुनांनी आणि नातींनी तिच्याजवळ बसून चार ओळी घालून पाहाव्यात.

तिसरी गोष्ट संचालक मंडळाच्या विचारासाठी. प्रत्येक गटातून जुने सुती कापड गोळा झाले आणि उन्हाळ्यात त्या-त्या गावच्या शिवणाऱ्या बायांना मजुरी देऊन त्याच्या गोधड्या करून घेतल्या, तर पुढच्या हंगामाला टोळ्या उतरतील तेव्हा निदान लहान लेकरे असलेल्या कोप्यांना एकेक गोधडी देता येईल. खर्च मजुरीचा आणि दोऱ्याचा. कापड आपल्या घरात पडूनच आहे. ही भीक नव्हे. आपला ऊस वेळेवर तुटतो तो त्यांच्या पहाटेवर, हे आपण विसरू नये.

आमच्यापुरते सांगायचे तर काम सुरू झाले आहे. गेल्या उन्हाळ्यात चुलतीने आईची चार सुती लुगडी बाहेर काढली. त्याच दोघी जावांना बोलावले, आठ रोजांची मजुरी आधी ठरवली. चारही बाजू भराव्यात म्हणून सुना बसल्या. टाके वाकडे आले, त्यावरून हसणे झाले. आत्या भिंतीला टेकून बसली होती. शेवटचा चौकोन राहिला तेव्हा तिने हाक मारली, "अगं, भाकरी घातली का?"

कुणालाच आठवण नव्हती. नात धावत घरात गेली आणि सकाळच्या भाकरीचा तुकडा घेऊन आली. मुंग्या लागतील म्हणून पूर्वी जी कुरकुरायची, तिनेच तो तुकडा चाचपडत आत सरकवला. यंदा तळावर टोळ्या उतरल्या तेव्हा ती गोधडी आम्ही त्या बाईला नेऊन दिली. तिने उलगडली, हाताने चोळून पाहिली आणि एवढेच म्हणाली, "सूत हाय." मग धाकट्याच्या अंगावर घालून ती चुलीकडे वळली. चूल यंदा कोपीपासून दहा पावलांवर होती.